लग्नाआधीच्या कविता

सोहरा, ९ फेब्रुवारी १९९३

प्रिय द्रोसिला आत्या,

खुब्लेई. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र शिलाँगच्या बसचे ड्रायव्हर बाह शान यांच्या हाती देते आहे.

आधी कामाचं सांगते. पापांच्या सगळ्या कवितांचं मिळून एक मोठं पुस्तक काढायला दिल्लीचे एक प्रकाशक तयार झालेत. सरीन म्हणून त्यांचे संपादक आहेत. आजवर पापांची दोन पुस्तकं निघाली, दोन्ही चिमटीत मावतील एवढी, आणि दोन्हींच्या निम्म्या प्रती अजून आमच्या पलंगाखाली आहेत. कुणीतरी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. पण सरीन साहेबांना लग्नाआधीच्या कविताही हव्यात. त्यातल्या दोनचार त्यांनी जुन्या मासिकांत वाचल्या होत्या, आणि त्यांच्या मते पापांनी सगळ्यात चांगलं लिहिलं ते तेव्हाच. हे ऐकून त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मेईनं, भांडी जरा जोरात आपटली, ते सोडा.

त्या कवितांचे कागद जायॉच्या घरी तुमच्याकडे आहेत. एप्रिल संपायच्या आत ते दिल्लीला पोचले नाहीत तर पुस्तक यंदाच्या यादीतून जाईल, आणि पुढच्या वर्षी सरीन तिथं असतील की नसतील कोण जाणे. पापा साठीला आलेत. परत कुणी विचारेल असं मला वाटत नाही.

पापांचा हात दुखतो म्हणून मी लिहिते आहे. कागद बाह शानबरोबरच पाठवले तरी चालतील.

तुमची,
रिडाहुन

•

जायॉ, शिलाँग, २० फेब्रुवारी

रिडा,

पत्र मिळालं. बाह शाननं ते संत्र्यांच्या टोपलीतून आणलं, त्यामुळे चिकट झालं होतं, पण वाचता आलं.

सोहराला तुम्ही लोक स्वतःला फार शुद्ध खासी समजता, म्हणून तुला आठवण करून देते. पुरुष लग्नाआधी जे कमावतो ते त्याच्या आईच्या घराचं. लग्नानंतर कमावतो ते बायकोमुलांचं. आमची आई गेली, मी धाकटी, म्हणून घर माझं आणि ते कागदही माझे. तुझ्या आईच्या घरात त्यानं तीस वर्षं लिहिलं, त्यातलं एक पान तरी मी कधी मागितलं का? मग माझ्या पेटीला हात कशाला?

आणि मागायचंच असेल तर ज्याचं आहे त्यानं यावं. डिसेंबरात माझ्या बांदारीच्या लग्नाची बोलणी होती. मुलाकडचे तीन मामे आले, चांगले कोट घालून. आमच्याकडून बोलायचं कुणी? मुलीच्या मामानं. दोनदा निरोप पाठवला. तुझा बाप, आमचा बाह किट, आला नाही, चिठ्ठीही नाही. शेवटी मौफ्लांगहून एक लांबचे मामा आणले. त्यांना मुलीचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं, बोलताना तिला दोनदा बालारी म्हणाले. त्या लोकांसमोर माझं तोंड एवढंसं झालं.

हात दुखतो म्हणतेस. पायही दुखतात का?

द्रोसिला

•

सोहरा, ३ मार्च

प्रिय आत्या,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. खोटं कशाला बोलू?

लग्नाआधीचं कुणाचं नि नंतरचं कुणाचं, हे मलाही ठाऊक आहे. पण तो नियम संत्र्यांच्या बागेला आहे, गुरांना आहे. कविता पेटीत ठेवून काय करणार तुम्ही? तुम्हाला इंग्रजी येत नाही, बांदारी वाचणार नाही. वाळवी तेवढी वाचेल.

पापांनी जन्मभर काय ऐकून घेतलं ते तुम्हाला तरी माहीत असायला हवं. शिलाँगच्या साहित्यसभेत म्हणायचे, हा साहेबांचा पोपट, आईच्या भाषेत याला लिहिता येत नाही. दिल्लीत एकदा बोलावलं होतं, तिथं एका बाईंनी विचारलं, तुमच्याकडे अजून शिकार करतात का? हे सरीनसुद्धा दर पत्रात दोन प्रश्न विचारतात. एक, तुम्ही इंग्रजीतच का लिहिता, यावर एक पान लिहून द्या. दोन, डोंगरातले असून तुमच्या कवितेत ढग इतके कमी का? पापांच्या कवितेत कोळशाचे ट्रक आहेत, चर्चच्या मीटिंगमधली भांडणं आहेत, मास्तरांचा पगार आहे. ढगांचं त्यांना कौतुक नाही, सोहरात राहणाऱ्या कुणाला असतं? इथल्यांना ते परके आणि तिथल्यांना पुरेसे डोंगरी नाहीत. तीस वर्षं शाळा सुटल्यावर त्याच वर्गात बसून, मुलांच्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत आले. आमच्या घरातही कुणी वाचलं नाही. मीसुद्धा कॉलेजात गेल्यावर वाचलं.

परवाचं सरीनचं पत्र पापांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पोट धरून हसले. त्यांना हे पुस्तक हवंय, आत्या. लग्नाच्या बोलण्यांना रस्ता खचला होता म्हणून येता आलं नाही. त्यांना वाईट वाटलं.

रिडाहुन

•

जायॉ, १४ मार्च

रिडा,

कुठंतरी पाणी मुरतंय.

बाह किटला मी जन्मापासून ओळखते. दिल्लीचं पत्र आलं की तो हसत नाही. दोन दिवस जेवत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्यावर ओरडतो. आणि डिसेंबरात रस्ता खचला म्हणतेस, तर बाह शानची बस एकही दिवस चुकली नाही. त्याला मी दारात उभं करून विचारलं. आधी नाही नाही म्हणत होता. मग म्हणाला, मास्तर सोहराच्या स्टँडवर चहाला यायचे ते पावसाळा संपल्यापासून दिसलेच नाहीत. ज्या माणसानं आईच्या मयताच्या दिवशीसुद्धा स्टँडवरचा चहा सोडला नाही, तो पाच महिने घरात बसून काय करतो?

आणि कविता पेटीत ठेवून काय करणार म्हणून मला विचारू नकोस. तू जन्मायच्या आधीची गोष्ट आहे. तो रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून लिहायचा आणि मी शेजारी बसून सुपारी कातरायचे. लिहून झालं की मला खासीत सांगायचा. मला कंटाळा आला तर मी सांगायचे, इथं ढिलं पडलं. तो लाल व्हायचा, कागद फाडायचा, परत लिहायचा. इंग्रजी येत नाही ते खरं, पण त्या कवितांची सुईण मी आहे. दिल्लीच्या साहेबाला सगळ्यात चांगल्या त्याच वाटल्या, यात मला काही नवल वाटलं नाही.

खरं काय ते लिही. नाहीतर पेटी उघडणार नाही.

द्रोसिला

•

सोहरा, १९ मार्च

आत्या,

लिहिते. मेईला न सांगता लिहिते आहे.

ऑक्टोबरात पापा वर्गात फळ्यापाशी पडले. उजवी बाजू गेली. महिनाभर बोलता येत नव्हतं. मग हळूहळू बोलणं आलं, पण खासीच आलं. इंग्रजी आलं नाही, आत्या. सगळं गेलं. त्यांच्यासमोर त्यांचंच पुस्तक धरलं तर म्हणतात, किती मुंग्या. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी, परत येईल किंवा येणार नाही. काठी धरून अंगणापर्यंत चालतात. खासीतही शब्द शोधावा लागतो, मधेच थांबतात, मग रागावतात.

ते पत्र वाचून हसले, ते मी रचलं. त्यांना पत्र वाचताच येत नाही.

तुम्हाला का सांगितलं नाही? मेईनं शपथ घातली होती. तिला वाटतं, तुमच्या कुळातले मामे येतील आणि म्हणतील, हा आमच्या आईचा मुलगा, आजारी आहे, आता आम्ही घरी नेतो. तिच्या बापाला असंच नेलं होतं. पण नुसतं मेईवर ढकलत नाही. पापाही म्हणाले, द्रोसिलाला सांगू नका. बांदारीच्या बोलण्यांचा निरोप आला तेव्हा ते कोट घालून अंगणात काठी टेकून उभे राहिले. मला म्हणाले, ऐक, मी बोलून बघतो. तीन वाक्यांनंतर अडकले. मग कोट काढून ठेवला. सगळ्या मामांसमोर असं झालं असतं तर?

मी थकले आहे. दिवसभर शाळेत शिकवायचं, घरी आल्यावर पापा, आणि मग सरीनना पापांच्या नावानं पत्रं. ते विचारतात, हा शब्द बदलू का? मी पापांची सही करून हो किंवा नाही म्हणते. मला काय कळतं कवितेतलं? एवढे दिवस पापांना घरात कुणी विचारलं नाही, आणि आता दिल्ली विचारते आहे तेव्हा उत्तर द्यायला ते नाहीत.

पुस्तक त्यांच्या हातात पडावं एवढंच मला हवंय. वाचता नाही आलं तरी.

रिडा

•

जायॉ, २२ मार्च

रिडा,

गुरुवारी सकाळच्या बसनं येते. कागद घेऊन येते. तुझ्या आईला सांग, एकटी येते आहे, मामेबिमे कुणी बरोबर नाहीत. त्याला न्यायला येत नाही. मुक्काम करणार नाही, तेव्हा गादीची धावपळ नको.

मला हे पाच महिने कळू दिलं नाही याचं काय ते नंतर बोलू.

द्रोसिला

•

जायॉ, ३ एप्रिल

रिडा,

नीट पोचले. तुझ्या आईनं दिलेल्या सुकटीच्या चटणीचा वास सबंध बसला पुरला.

तू शाळेतून यायच्या आत काय झालं ते तुझ्या आईनं सांगितलं नसेल. ती बाई मूग गिळून बसण्यात पटाईत आहे. पण वाईट नाही. मी दारात गेले तर आधी माझ्या मागं कोण आहे ते वाकून बघितलं. कुणी नाही म्हटल्यावर रडायला लागली. मग दोघींनी मिळून तुझ्या बापाला आंघोळ घातली आणि तो दोघींना शिव्या देत होता. शिव्या सगळ्या शाबूत आहेत हे बघून बरं वाटलं.

मग मी त्याच्यासमोर कागद ठेवले. त्यानं बाजूला सारले. मी म्हटलं, बरं, ऐक. आणि त्यानं मला तेव्हा सांगितली होती तशी एक कविता म्हटली. म्हाताऱ्या मामांची बैठक आहे ती. कुणाच्या दाढीत चुना अडकलाय, कुणी ऐकता ऐकता घोरतोय, आणि सगळे जण गावाचा न्याय करताहेत. मला तोंडपाठ आहे. तो ऐकत राहिला. हसला. एका जागी म्हणाला, 'घोरतो' नको, 'मान टाकतो' म्हण. मग विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, तुझं. तर म्हणतो, "नाही. माझं असतं तर मला इतकं आवडलं नसतं."

आता तुला ते सांगते जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लग्नाआधीचं कुणाचं, नंतरचं कुणाचं, हे सगळं खरं आहे, पण कागद मी त्यासाठी अडवले नव्हते. मला इंग्रजी येत नाही, पण डोळे आहेत. पान भरलेलं असायचं आणि त्याचं सांगणं निम्म्यावर संपायचं. उरलेलं काय, असं विचारलं की म्हणायचा, तेच, इंग्रजीत जरा लांबतं. इंग्रजी एवढं लांबत असेल असं मला कधी वाटलं नाही. तो आमच्या चुलीपाशी बसून, माझ्या देखत, असं काहीतरी लिहायचा की जे आम्हाला कळायला नको होतं. ते सरीन साहेब विचारतात ना, इंग्रजीतच का लिहिता? त्यांना कळव, घरात कुणाला वाचता येत नव्हतं म्हणून.

म्हणून पेटी बंद होती. त्यात आईबद्दल काही असेल, माझ्याबद्दल असेल. छापलं की शिलाँगच्या कॉलेजातली पोरं वाचणार, आणि मी मात्र बाजारात त्यांच्या शेजारी उभी राहून बटाटे घेणार.

कागद तुला दिलेत ते परत मागत नाही. पण माझी एक अट आहे. त्या मामांच्या बैठकीच्या कवितेचं उरलेलं अर्धं मला आपल्या भाषेत लिहून पाठव. गोड करून नको. त्याशिवाय दिल्लीला काही जाऊ देऊ नकोस.

तुझी,
द्रोसिला आत्या

•

सोहरा, १९ एप्रिल

प्रिय आत्या,

उशीर झाला. कारण सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी कविता वाचली होती. वाचून घाबरले. तुम्हाला आधी लिहावं की पापांना आधी विचारावं, हे कळेना. शेवटी पापांना त्यांचीच कविता खासीत सांगितली, उरलेल्या अर्ध्यासकट. लिहिल्याचं त्यांना आठवत नाही. पण तो दिवस आठवतो. मग विचारलं, "हे तिला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. म्हणाले, "मग थांब. तू लिहू नकोस. मी सांगतो."

मी थांबले. दोन रविवार गेले. रोज विचारलं की म्हणतात, उद्या. एकदा बसस्टँडपर्यंत जायचं म्हणून कोट मागितला, आणि मग म्हणाले, थंडी आहे. एप्रिलात थंडी! इकडे सरीनची तार आली, शेवटची तारीख तीसच, पुढं ढकलता येणार नाही. मला कधी पापांची दया येते, कधी त्यांना धरून हलवावंसं वाटतं. तर आता त्यांना न विचारता लिहिते. तुम्ही मद्रासला नर्सिंगला जाणार होता, मिशनच्या बाईंनी सगळं ठरवलं होतं, आणि मामांनी बैठक घेतली होती, हे मला या कवितेतूनच पहिल्यांदा कळलं.

तुम्हाला माहीत आहे तो भाग संपल्यावर पुढं असं आहे:

मग त्यांनी एकेकाला विचारलं:
धाकटीनं घर सोडावं का?
सगळे म्हणाले, कधी ऐकलंय का असं?
माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडात पान होतं.
मला 'जाऊ द्या' म्हणायचं होतं.
थुंकून बोलता आलं असतं.
मी मान हलवली आणि चावत राहिलो.
चूल धाकटीची, छप्पर धाकटीचं,
असं आम्ही जगाला अभिमानानं सांगतो.
दार तेवढं आम्हा भावांचं,
बाहेर पडायला.

एवढंच आहे. मी काही गोड केलेलं नाही. इंग्रजीत हे फार सुंदर आहे, आत्या, आणि तेच मला सहन होत नाही.

तुम्ही नको म्हणालात तर ही एक काढून टाकते. सरीन साहेबांना हीच सगळ्यात जास्त आवडेल हे मला माहीत आहे, तरी काढते. बाह शान परवा सकाळी परत निघतील, उत्तर त्यांच्याकडे द्या.

तुमची,
रिडा

•

जायॉ, २१ एप्रिल

रिडा,

छाप. एक ओळ गाळू नकोस. परवानगी जायॉच्या घराची आहे असं लिहायचं असेल तर लिही, नसेल तर नको.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. बांदारीनं विचारलं, काय झालं, तर म्हटलं, सुपारी कातरताना बोट कापलं. तुझ्या बापाला सांग, आता उद्या उद्या करायची गरज नाही, मला कळलं. बसस्टँडपर्यंत जायचं असेल तर चहा प्यायला जा म्हणावं.

मी रागावले आहे. कशावर ते नीट सांगते, नाहीतर तू उगीच भलतं समजशील. त्या दिवशी मी दाराआड उभी होते. माझी ट्रंक भरलेली होती. मामा काय म्हणणार ते मला ठाऊकच होतं, त्यांचं मी मनावर घेतलं नव्हतं. मी फक्त बाह किटकडे बघत होते. घरात शिकलेला तो एकटा, इंग्रजी पुस्तकं वाचलेला, आणि माझ्यावर सगळ्यात जास्त जीव त्याचा. त्यानं मान हलवलेली मला दिसली. मला वाटलं, ज्याला एवढं कळतं त्यालाही मी जाऊ नये असंच वाटतं, म्हणजे तेच बरोबर असणार. इतकी वर्षं मी त्याच समजुतीवर हे घर चालवलं. आणि त्याच आठवड्यात माझ्या शेजारी बसून यानं ते खरंखुरं लिहून काढलं, आणि मला दाढीतल्या चुन्याची गंमत सांगून हसवलं.

एक गोष्ट त्या कवितेत नाही, कारण ती त्याला माहीत नाही. तो पान थुंकायला बाहेर गेल्यावर थोरल्या मामांनी मला आत बोलावलं. म्हणाले, पोरी, आमचं म्हणणं आम्ही सांगितलं, पण जायचं की राहायचं ते शेवटी तू सांग, आम्ही अडवणार नाही.

मी म्हटलं, बाह किटला जे वाटतं तेच मला वाटतं.

द्रोसिला